व्यसनांची मोजदाद : आबकारीपासून विद्यापीठापर्यंत

निजामी अमदानींतील परभणी जिल्ह्यांत किती माणसें शिंदी पीत, किती मोहाची दारू पीत, किती चिलमीचा दम मारीत आणि किती आया तान्ह्या मुलांना अफू चाटवीत, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. मोजदाद होती ती निराळ्याच गोष्टीची. अमुक गांवचा गुत्ता लिलांवांत कितीला सुटला, गुत्तेदारानें हप्ता वेळेवर भरला कीं थकविला, हें आबकारी खात्याच्या दप्तरांत नोंदलें जात असे. जो जास्त बोली बोलेल त्याला विक्रीचा हक्क मिळावा, आणि त्यानें ती रक्कम भरून काढण्यासाठीं जास्तींत जास्त माल खपवावा, अशी ती व्यवस्था. भूमिकराच्या जोडीनें हैदराबादच्या खजिन्याचा आबकारी हा एक मोठा आधार होता. पाथरी, गंगाखेड, जिंतूर, हिंगोली येथील कलालाच्या दुकानापुढें सांजवेळीं जमणारा शेतमजूर त्या दप्तरांत कोठेंच नसे. त्याचा आणा मात्र रुपयांत मिसळून तेथें पोंचलेला असे.

हा दोष एकट्या निजामशाहीचा नव्हे. इंग्रजी अंमलांतहि मादक पदार्थांविषयीं जी माहिती सरकारदरबारीं असे ती एक तर आबकारीच्या वहींतली, नाहीं तर पोलिसांच्या दप्तरांतली. पहिल्या वहीला माणूस गिऱ्हाईक म्हणून दिसे, दुसरीला गुन्हेगार म्हणून. तो स्वतः काय सांगतो, केव्हां व कशासाठीं घेऊं लागला, सोडूं पाहतो कीं नाहीं, हे प्रश्न विचारण्याचें दोहोंनाहि कारण नव्हतें. व्यसनांचें संशोधन करणारीं जीं केंद्रें आज विद्यापीठांतून व वैद्यकीय संस्थांतून चालतात, त्यांचा आपल्या देशांतील पूर्वेतिहास पाहिला तर तो बव्हंशीं या दोन वह्यांहून वेगळी अशी तिसरी वही उघडण्याचा इतिहास आहे.

त्या तिसऱ्या वहीचीं कांहीं आरंभींचीं पानें परभणीच्या अगदीं शेजारीं लिहिलीं गेलीं. तेव्हांच्या परभणी जिल्ह्याची उत्तर हद्द हिंगोलीच्या पलीकडे पैनगंगेला भिडत असे, आणि नदीपलीकडचें वाशीम म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिलें होतें. त्यामुळें १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें तेव्हां वऱ्हाडांतील साक्षी त्यांत घेतल्या गेल्या. नदीच्या अलीकडचा, तीच भाषा बोलणारा मुलूख मात्र कमिशनच्या मुख्य कक्षेबाहेर राहिला.

या कमिशनचा जन्म झाला तो विलायतेंत. मिस्टर केन या मद्यपाननिषेधाच्या कडव्या पुरस्कर्त्यानें मार्च १८९३ मध्यें पार्लमेंटांत प्रश्न विचारला, आणि जुलैंत हिंदुस्थान सरकारनें कमिशन नेमल्याचें जाहीर केलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. सभासदांत ओमॅनी व फ्रेझर हे दोन मुलकी अधिकारी, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनाचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन, आणि राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तिघे हिंदी गृहस्थ. ३ ऑगस्ट १८९३ रोजीं कलकत्त्यास पहिली बैठक भरली आणि वर्षभरानें सिमल्यास अहवाल पुरा झाला. ११९३ साक्षीदार, आणि अहवालाचे साक्षीपुराव्यांसह सात खंड. एका वनस्पतीविषयीं एवढी चौकशी त्यापूर्वीं जगांत झाली नव्हती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कमिशननें झाडापासूनच सुरुवात केली. बंगालच्या राजशाही जिल्ह्यांत नौगांवाकडे, मध्यप्रांतांत खांडव्याकडे आणि मुंबई इलाख्यांत मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे. गांजा धरतो तो मादीच्या झाडाला, आणि शेतांत नराचीं झाडें राहिलीं तर बीं धरून माल बिघडतो. म्हणून नौगांवाकडे कोवळ्या शेतांतून फिरून नराचीं झाडें ओळखून उपटणारा एक खास जाणकार असे, त्याला परखदार म्हणत. पानांची भांग, मोहोराचा गांजा, डिंकाचा चरस. तिन्हींचें बळ वेगळें, तीं घेणारे लोक वेगळे आणि घेण्याच्या वेळा वेगळ्या. मुंबई गॅझेटियरचे संपादक म्हणून महाराष्ट्रांतील अभ्यासकांना ज्यांचें नांव परिचित आहे त्या जेम्स कॅम्बेल यांनीं तर भांगेच्या धार्मिक उपयोगांवर एक स्वतंत्र टिपण कमिशनला लिहून दिलें. शंकराच्या देवळांतील घोटा आणि फकिराच्या तकियांतील चिलीम यांची इतक्या आपुलकीनें नोंद घेणारा अबकारी-जकातीचा अधिकारी विरळाच.

परंतु कमिशनपुढला खरा प्रश्न होता तो वेडाचा. गांजानें माणूस वेडा होतो, हें तेव्हां सर्वमान्य झालें होतें. त्याला पुरावाहि भक्कम दिसे. कुलाबा, पुणें, धारवाड, रत्नागिरी, नागपूर, जबलपूर अशा ठिकठिकाणच्या वेड्यांच्या इस्पितळांतील वार्षिक तक्त्यांत वेडाच्या कारणांचा एक रकाना असे, आणि त्या रकान्यांत गांजा, भांग यांचें नांव वर्षानुवर्षें पुढच्या ओळींत असे. डॉक्टर तेच आंकडे उद्धृत करीत, वर्तमानपत्रें डॉक्टरांना उद्धृत करीत, आणि शेवटीं पार्लमेंटांतील सभासद वर्तमानपत्रांना. कमिशननें हा साखळदंड शेवटून पहिल्या कडीपर्यंत तपासला. हें काम त्याच्या सर्व कामांत श्रेष्ठ होय.

पहिली कडी पोलिसांच्या हातांत सांपडली. रस्त्यावर एखादा भ्रमिष्ट माणूस भटकतांना आढळला कीं पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढें उभा करीत. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें त्याची रवानगी इस्पितळांत होई. सोबत एक छापील वर्णनपत्र जात असे. नांव, जात, वय, वेड लागून किती दिवस झाले, आणि कारण. नातेवाईक सांपडलेले नसत. माणूस स्वतःचें नांवहि सांगूं शकत नसे. कारणाचा रकाना कोरा ठेवणें बरें दिसत नाहीं. अंगाला राख, डोळे तांबडे, वेष बैराग्याचा. मग गांजा लिहून टाकावा, यांत अवघड तें काय? कांहीं ठिकाणीं एवढीच चौकशी होई कीं हा गांजा ओढीत होता काय. कोणी होय म्हटलें कीं तेंच कारण ठरे. इस्पितळाचा सुपरिटेंडेंट तें वर्णनपत्र पाहून आपल्या नोंदवहींत उतरून घेई आणि वर्षअखेरीस त्याची टक्केवारी काढून सरकारला पाठवी. शिपायाचा तर्क अशा रीतीनें वैद्यकशास्त्राचा सिद्धांत झाला.

कमिशननें १८९२ या एका सालांतील अशा सर्व नोंदी वेगळ्या काढल्या. ज्यांचें वेड गांजा-भांगेमुळें म्हणून लिहिलें होतें असे रोगी २२२ होते. त्या प्रत्येकाच्या गांवीं चौकशी करविण्यांत आली. आई-बाप, भाऊबंद, शेजारी यांना विचारलें गेलें; पूर्वीं वेड होतें काय, घराण्यांत होतें काय, गांजा आधीं कीं वेड आधीं, गांजा मुळीं ओढीत तरी होता काय. कित्येक प्रकरणीं असें निघालें कीं त्या माणसानें गांजाला कधीं हात लावला नव्हता. कित्येकांत तापानें, घरच्या दुःखानें वा आनुवंशिक दोषानें मन आधींच ढळलेलें होतें आणि चिलीम मागाहून आली होती. २२२ पैकीं गांजा हेंच कारण म्हणण्यास जागा आहे अशीं प्रकरणें ६१ उरलीं. गांजाबरोबर दुसरींहि कारणें मिसळलीं होतीं अशीं ३७. दोन्ही मिळून ९८. त्या सालीं इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रोग्यांशीं त्यांचें प्रमाण शेंकडा सातांच्या थोडें वर जातें.

या ९८ नोंदींनाहि शेवटचा शब्द मानतां येत नाहीं. चौकशी करणारे मॅजिस्ट्रेट आणि सिव्हिल सर्जन हे सरकारचेच चाकर. आणि ज्याला वेड लागलें तो गांजा ओढीत होता, एवढ्यावरून गांजानें वेड लागलें असें सिद्ध होत नाहीं, ही अडचण उरतेच. कोवळ्या वयापासून तेज गांजा पुष्कळ ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो असें आज आढळून आलें आहे. तेव्हां कमिशननें गांजाला निर्दोष ठरविलें असें म्हणणारे लोक त्याचा अहवाल न वाचतांच बोलतात. मर्यादित सेवनानें फारसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, आणि सरसकट बंदीपेक्षां लागवडीवर, दुकानांवर व बाळगण्याच्या वजनावर निर्बंध व जबर कर बसवावा, असा त्याचा निर्णय. रॉय आणि निहालचंद या दोघां हिंदी सभासदांनीं अधिक कडक धोरणाचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडल्या. करावर चालणाऱ्या सरकारला कर बसविण्याचा सल्ला गोड लागला असेल, ही शंका मनांत येणें स्वाभाविकच आहे. याच काळांत कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनीं माकडांना गांजाचा धूर देऊन त्यांच्या मेंदूची तपासणी करण्याचेहि प्रयोग केले. त्या माकडांपेक्षां २२२ घरांच्या उंबरठ्यावर विचारलेले प्रश्न शास्त्राला अधिक उपयोगी पडले.

त्याच हिंवाळ्यांत लॉर्ड ब्रासी यांचें अफूचें रॉयल कमिशन हिंदुस्थानांत फिरत होतें. त्याविषयीं थोडक्यांत इतकेंच कीं चीनकडे जाणाऱ्या अफूवर हिंदुस्थान सरकारचें मोठें उत्पन्न अवलंबून होतें, माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून जात होती, आणि १८९५ च्या अहवालांत अफूच्या दुष्परिणामांचा बोभाटा अतिशयोक्त ठरला. हेन्री विल्सन या सभासदानें तेव्हांच त्याविरुद्ध लिहिलें. जेथें उत्पन्न मोठें तेथें प्रश्न विचारण्याची रीतहि बदलते.

अफूची खरी खबर पुढें आली ती फार लहान वाटेनें. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाविषयीं चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारच्या मजूर खात्यानें डॉ. बार्न्स या बाईंना नेमलें होतें. १९२२ सालीं त्यांनीं मजूर बायकांच्या मुलांविषयीं जें लिहिलें त्यानें सुशिक्षितांची झोंप उडाली. जवळजवळ प्रत्येक मुलाला अफूची बाळगोळी दिली जात होती. आई दहा तास साच्यावर उभी. मूल खोलींत एकटें, नाहीं तर शेजारच्या म्हातारीकडे. तें रडूं नये, निजून राहावें, एवढाच त्या गोळीचा उद्देश. कोंकणांतून, देशावरून आलेल्या या बायकांनीं ती संवय शहरांत शिकली असें नव्हे. कापूस वेंचणीला वा सुगीला जाणारी आईहि झोळींतल्या पोराला हाच उपाय करीत असे. डॉक्टरीणबाईंनीं चाळींत जाऊन आयांनाच विचारलें, म्हणून हें कळलें. आबकारीच्या वहींत तान्हीं मुलें गिऱ्हाईक म्हणून कधींच आलीं नसतीं.

जिनीव्हाच्या राष्ट्रसंघानेंहि तेव्हां अफूचें एक माप ठरविलें होतें. दर दहा हजार लोकसंख्येस वर्षाला सहा शेर अफू औषधापुरती पुरे. त्याहून जेथें अधिक खपते तेथें कांहीं तरी बिघडलें आहे. हें माप उपयोगी होतें खरें, पण तेंहि पुन्हां शेरांचेंच. सहा शेरांवरचा सातवा शेर दहा माणसें खातात कीं शंभर, दम्यासाठीं खातात कीं चैनीसाठीं, हें शेरांवरून कळत नाहीं.

तें कळून घेण्यासाठीं एका अध्यापकाला आपलें आयुष्य खर्ची घालावें लागलें. रामनाथ चोप्रा यांनीं केंब्रिजला डिक्सन यांच्या हाताखालीं औषधिविज्ञानाचा अभ्यास केला. याच डिक्सननें पूर्वीं गांजाच्या गुणधर्मांवर संशोधन प्रसिद्ध केलें होतें. १९२१ सालीं चोप्रा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्यें औषधिविज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि हिंदुस्थानांत व्यसनांच्या अभ्यासाला प्रथमच एक कायमचें घर मिळालें. त्या घराची मांडणी लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळेला लागून कार्मायकेल इस्पितळ होतें. अफूचें पृथक्करण करणारा रसायनज्ञ आणि अफूबाजाची नाडी पाहणारा डॉक्टर एकाच आवारांत वावरत. शिवाय माणसें बाहेर पाठवून खेड्यापाड्यांतून, दुकानांसमोरून, मठांतून व्यसनी लोकांच्या हकीकती गोळा केल्या जात. अफू, कोकेन, गांजा-भांग. एकामागून एक पदार्थ घेऊन चोप्रांनीं निबंध प्रसिद्ध केले. १९३९ सालच्या गांजा-भांगेवरील निबंधांत बाराशेंहून अधिक माणसांच्या हकीकतींचा आधार आहे. अफूच्या बाबतींत तर त्यांना पुन:पुन्हां असें दिसलें कीं आरंभ बहुधा सुखासाठीं झालेला नसतो. सांधे दुखतात, खोकला थांबत नाहीं, काम झेंपत नाहीं, आणि वैद्य दूर असतो. अफूबाज हा गुन्हेगार नसून पुष्कळदां औषधावांचून राहिलेला रोगी आहे, हें हिंदुस्थानांत पुराव्यानिशीं मांडण्याचें श्रेय मोठ्या अंशीं या शाळेला आहे. लेसिथिन व ग्लुकोज देऊन अफू सोडविण्याचे त्यांचे प्रयोग पुढें मागें पडले. परंतु सोडतांना होणारा त्रास हा शरीराचा विकार म्हणून पाहण्याची दृष्टि मागें पडली नाहीं.

अशा केंद्राचा कारभार चालविणें म्हणजे मुख्यतः विश्वास सांभाळणें. इस्पितळांत येणारा मनुष्य खरें सांगेल तो एवढ्याच भरंवशावर कीं त्याचें नांव फौजदाराकडे किंवा मालकाकडे जाणार नाहीं. म्हणून नांवांची यादी व हकीकतींचे कागद वेगळे ठेवावे लागतात. त्याची संमति घ्यावी लागते. आणि त्याच्याकडून माहिती घेण्यापूर्वीं त्याला कांहीं तरी उपचार द्यावा लागतो, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं तो येत नाहीं. सहा महिन्यांनीं, वर्षानें त्याला पुन्हां शोधून काढणें हें तर सर्वांत खर्चाचें व कंटाळवाणें काम. तेंच अनेक ठिकाणीं राहून जातें, आणि मग सुटले किती व पुन्हां लागले किती याचें उत्तर अंदाजानें द्यावें लागतें. अंदाज म्हणजे पुन्हां तोच कारणाचा रकाना.

इकडे परभणींत काय होत होतें? हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत स्टेट काँग्रेसनें शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम हातीं घेतला, तो मराठवाड्यांतहि झाला. निजामाचें उत्पन्न तोडणें हा त्याचा राजकीय हेतु, आणि त्या झाडांत गुत्तेदाराचा पैसा होता हें खेड्यांतल्या पोरालाहि ठाऊक होतें. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा १९५९ च्या कायद्यानें इकडे लागू झाला. त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाहीं. गुत्ता गेला त्याबरोबर गुत्त्याची वहीहि गेली. आतां हातभट्टी नदीच्या काठीं बाभळींत गेली, आणि दारूची जी कांहीं नोंद उरली ती फौजदारी गुन्ह्यांच्या रजिस्टरांत. पुढें बंदी सैल होत परवाने आले, १९८५ सालीं अमली पदार्थांचा कायदा होऊन गांजा ओढणेंहि गुन्हा झालें, भांग मात्र त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. एका झाडाचीं पानें एका बाजूला आणि मोहोर दुसऱ्या बाजूला. माणसाला विचारणारी वही जिल्ह्यांत अजून उघडायची होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं औरंगाबादेस निघालें, परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ झालें, १९९४ पासून परभणीचीं महाविद्यालयें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे गेलीं, आणि वैद्यकीय महाविद्यालय परभणीला मिळालें तें २०२३ सालीं.

पुण्यांत मात्र १९८६ सालीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें मुक्तांगण उघडलें. तें विद्यापीठाचें केंद्र नव्हे. पण तेथें जो बरा झाला तोच पुढें कार्यकर्ता म्हणून दुसऱ्यासमोर बसतो, आणि त्याला काय विचारावें हें शिकवावें लागत नाहीं.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें व्यसनोपचाराचें केंद्र काढलें, आणि २००३ सालीं तें गाझियाबादेस हलविलें. त्याच केंद्राच्या हातून २०१९ सालीं देशव्यापी पाहणीचा अहवाल बाहेर पडला. १८६ जिल्ह्यांतील दोन लाख घरीं जाऊन चार लाख त्र्याहत्तर हजारांवर माणसांना विचारण्यांत आलें. अमली पदार्थ घेणारा घराच्या दारांत उभा राहून तसें सांगणार नाहीं, हें ओळखून १३५ जिल्ह्यांत निराळी युक्ति योजली. एका व्यसनी माणसानें आपल्या ओळखीचे दोघे-तिघे आणावे, त्यांनीं आपले आणावे, अशी साखळी. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें सोळा कोटि माणसें, दारू घेतात असें दिसलें. त्याहून झोंबणारा आंकडा दुसराच होता. दारूच्या पूर्ण आधीन झालेल्या दर अडतीस जणांत एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता.

उरलेल्या सदतिसांचें काय, याचा एक तोडगा शेजारच्या गोव्यांत तपासला गेला. तेथील संगाथ ही संस्था आणि लंडनची स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांच्या अभ्यासकांनीं २०१३ ते २०१५ या काळांत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. दुसऱ्या कांहीं दुखण्यासाठीं आलेल्या पुरुषांपैकीं जे अपायकारक प्रमाणांत पितात असे ३७७ निवडले. निम्म्यांना नेहमींचा सल्ला. निम्म्यांना त्याशिवाय गांवांतल्याच, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकाच्या चार भेटींपर्यंत गांठी. समुपदेशक काय करी? किती पितोस, केव्हां पितोस, पिऊन काय मिळतें आणि काय जातें, हें त्याच्याकडूनच वदवून घेई. तीन महिन्यांनीं सल्ल्याच्या गटांत शेंकडा २६ जण सुधारले, भेटींच्या गटांत ३६. जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याच्या मापांत मात्र फरक पडला नव्हता, हेंहि अभ्यासकांनीं तितक्याच ठळकपणें छापलें. वर्षानें तींच माणसें पुन्हां शोधून काढून विचारलीं गेलीं. तेव्हां एका गटांत सुधारलेले शेंकडा ३१.९ आणि दुसऱ्यांत ५४.३ असे आढळले.